एकोणतीस लाख लिटरचा चोर

१

हुणसवाडीत एकोणतीस लाख लिटर पाणी चोरीला गेलं होतं. एवढी मोठी चोरी पंचक्रोशीत कधी झाली नव्हती, त्यामुळं गावाला रागाबरोबर थोडा अभिमानही वाटत होता. निपाणीच्या बाजूला मोटारसायकली जातात, डीपीतलं तेल जातं, देवळाबाहेरच्या चपला तर जाण्यासाठीच काढलेल्या असतात. पण एकोणतीस लाख लिटर! ते ठेवायचं कुठं, हा प्रश्न चोरालाही पडला असणार.

चोरी उघडकीला आली ती दोन मीटरांमुळं. खाली वेदगंगेच्या काठावर पंप होता, तिथं काट्याचं जुनं मीटर. तिथून तीन किलोमीटर पाईप आणि वर, गावाच्या डोक्यावर, हौद. हौदाच्या तोंडाशी नवं मीटर, मीटरला जोडलेला, लिटरची बेरीज ठेवणारा एक डबा, आणि डब्याला जोडलेले चौकातले दोन बोर्ड. नदीवर शंभर लिटर उचललं की बोर्डावर नव्वदच दिसायचं. असं चाळीस दिवस चाललं होतं.

गावानं तीन किलोमीटर चर खोदून पाईप उघडा केला; तो चर अजून बुजवलेला नव्हता. गळती सापडली नाही. चोरटं कनेक्शन सापडलं नाही. एक नांगराचा फाळ, एक जर्मनची घागर आणि एक कवळी सापडली. कवळीवर अजून दोघांचा दावा आहे.

पाईपला भोक नाही म्हणजे चोर व्हॉल्व्हवरचा, आणि व्हॉल्व्हवर माणूस एकच. पाटकरी मष्णू. पाण्याची पाळी कुणाची ते बघून बत्तीस वर्षं तो लोखंडी चावीनं व्हॉल्व्ह फिरवत आला होता. आज संध्याकाळी पाचला पाणी संघाची सभा होती. सभेत त्याची चावी काढून घ्यायची आणि त्याला पोलिसांच्या हवाली करायचं, एवढं ठरलेलंच होतं. फक्त एक कागद कमी होता. नवा डबा चुकत नाही, अशी कंपनीची सही.

त्या सहीसाठी बेळगावच्या उद्यमबागेतल्या कंपनीतून ब्राह्मी आली होती. वय सव्वीस, मूळची चिकोडीची. मीटर आणि कॉम्प्युटर यांना एकमेकांची भाषा कळत नाही. दोघांच्या मधे बसणारा जो दुभाष्या प्रोग्राम असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. या डब्यातला ड्रायव्हर ब्राह्मीनंच लिहिला होता. तिच्या मते तो इतका चांगला होता की त्याला बघायला जगात कुणी येत नाही याचं तिला वाईट वाटायचं.

हौदाच्या कट्ट्यावर मष्णू चावी मांडीवर घेऊन बसला होता. चार फुटी लोखंडी दांडा, वर आडवी मूठ.

"मामा, मी डबा बघायला आले," ब्राह्मी म्हणाली.

"सही करायला आलीस म्हण की."

"बघून मग करणार."

"बघायचं काय त्यात? चोर तुज्याच डब्यात बसलाय."

ब्राह्मी हसली. मष्णू हसला नाही. त्यानं दांडा या मांडीवरून त्या मांडीवर घेतला, आणि तिनं हसणं तिथंच आवरलं.

२

पाणी संघाच्या ऑफिसात चेअरमन कलगोंडा पाटलांनी तिला बसा म्हटलं नाही. खुर्ची होती, पण तिच्यावर कवळी ठेवली होती, पुरावा म्हणून.

"सही किती वेळात व्हईल?"

"आधी तपासावं लागेल, चेअरमनसाहेब."

"तुमच्या नागेंद्र सरांनी फोनवर सांगितलंय, डबा चुकत न्हाय. नाव काय तुमचं?"

"ब्राह्मी."

चेअरमननी चष्मा खाली केला. "ब्राह्मी म्हंजे लिपी. मग तुमी कुठल्या बोर्डाच्या?"

हा प्रश्न तिला सकाळपासून तिसऱ्यांदा आला होता. एसटी स्टँडवर एकानं उत्तर ऐकायच्या आधीच रस्ता चुकीचा सांगितला होता.

बोर्डांची गोष्ट अशी होती. पहिली दीड वर्षं बोर्ड एकच होता, मराठी. मग कानडीवाल्यांनी आपला मागितला आणि तोही लागला. दोन्ही बोर्ड दर दहा सेकंदांनी डब्याला विचारायचे, आज किती लिटर आलं? डबा सांगायचा, बोर्ड दाखवायचे. मराठी आधी बदलायचा, कानडी पाच सेकंदांनी. त्या पाच सेकंदांवरून गावात तीन सभा, एक मोर्चा आणि एक उपोषण झालं. उपोषण सकाळी दहाला बसलं आणि जेवणाच्या वेळेला सुटलं.

"शेवटी म्याच ठराव मांडला," चेअरमन म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थोडं तूप उतरलं. "दोनी बोर्ड एकाच शेकंदाला बदलायचे. कोण आधी न्हाय, कोण मागं न्हाय. तुमच्याच कंपनीचा माणूस येऊन करून गेला. आख्ख्या जिल्ह्यात असा ठराव कुठं न्हाय."

"कधी झाला हा?"

चेअरमननी वही काढली, बोट थुंकीनं ओलं करून पानं उलटली. "ठराव झाला बेचाळीस दिसांमागं. माणूस आला दोन दिसांनी."

"आणि पाणी चाळीस दिवसांपासून जातंय."

वही फाडकन मिटली.

"मॅडम, ठरावानं पाणी जात नसतंय. ठरावानं कायच होत नसतंय. पंधरा वर्सं चेअरमन हाय मी."

३

मराठी बोर्डाचा पुढारी आण्णाप्पा, कानडी बोर्डाचा अभिनंदन. दोघांची रानं बांधाला बांध लावून, दोघांच्या आया मावसबहिणी. आण्णाप्पा चिडला की कानडीत शिव्या द्यायचा, कारण त्या जास्त लागतात. अभिनंदन मराठीत द्यायचा, त्याच कारणानं.

चोर मष्णू, यावर दोघांचं एकमत होतं. तो पाणी कुणाला देतो, यावर नव्हतं.

"ह्याला देतोय," चौकात आण्णाप्पा म्हणाला आणि मोबाईल ब्राह्मीच्या नाकासमोर धरला. फोटोत दोन्ही बोर्ड होते. मराठीवर चार लाख अठरा हजार सहाशे, कानडीवर चार लाख अठरा हजार तीनशे. "बघा. कानडी बोर्ड पाणी खातोय."

"माजा बी बघा की," अभिनंदननं त्याचा मोबाईल वर सरकवला. दुसऱ्या दिवशीचा फोटो. यात कानडी जास्त, मराठी कमी. "आता कोण खातंय?"

ब्राह्मीनं दोन्ही मोबाईल शेजारी-शेजारी धरले. दोन्ही बोर्ड एकाच डब्याला विचारत होते. एकाच प्रश्नाला एकाच सेकंदाला दोन उत्तरं यायला नको होती.

तिनं दोघांचे मिळून तेवीस फोटो बघितले. काहींत मराठी पुढं, काहींत कानडी. पण फरक दरवेळी तेवढाच. कधी दोनशे अठ्ठ्याण्णव, कधी तीनशे दोन.

"आणि मग काय होतं? पुढच्या दहा सेकंदांनी?"

"जास्तीवाला जागचा हलत न्हाय," आण्णाप्पा म्हणाला. "कमीवाला येऊन त्याला गाठतो. मग परत दोघं बरोबर, जसं काय घडलंच न्हाय."

"तीनशेचं मी सांगू काय?" आण्णाप्पा पुढं सरकला. "ह्याच्या नर्सरीत काळी टाकी हाय. किती लिटरची, इचारा."

"तीनशे," अभिनंदन म्हणाला. "म्हणून काय झालं? तुज्या घरात तर दोनशेचा बॅरल हाय आणि तू रोज आंघोळ करत न्हाईस!"

ब्राह्मीनं कागद काढला. दिवसाला साधारण पंचाहत्तर हजार लिटर जातंय. तीनशेच्या टाकीनं न्यायचं तर अडीचशे खेपा. पंप चालतो सात तास. म्हणजे दर शंभर सेकंदांना एक टाकी भरायची, ओतायची आणि परत आणायची.

"अभिनंदन, तुमची टाकी किती दिवस पुरते?"

"रोपं दीड हजार. दोन दिस जातंय."

आण्णाप्पानं कागद उलटासुलटा करून बघितला. चोर कष्टाळू असू नये असा काही नियम नाही, असं त्याला म्हणायचं असावं. पण त्यानं त्याहून भारी पान काढलं.

"बरं, ते ऱ्हाऊ दे. मागल्या म्हयन्यात मष्णू तीन दिस गावात नव्हता. बरोब्बर तेच तीन दिस पाणी पुरं आलं. एक थेंब कमी न्हाय. आता बोला."

ब्राह्मीनं कागदावर 'तीन दिवस' लिहून खाली रेघ मारली. अभिनंदननं आण्णाप्पाच्या बोलण्याला मान डोलावली, आणि गावात ते पहिल्यांदाच घडत होतं.

४

बोर्डांच्या समोर जयाबाईचं हॉटेल होतं. दोन बाकडी आणि एक शेगडी. ब्राह्मीनं चहा मागितला. कान तुटलेल्या कपात आला.

"चांगले कप आहेत की मागं," ब्राह्मी म्हणाली.

"ते गिऱ्हाइकास्नी. मष्णूला जेलात घालाय आलेल्यास्नी ह्योच."

कप सगळ्या बाजूंनी भाजत होता. ब्राह्मीनं तो ओढणीच्या टोकात धरला.

"मावशी, तीन दिवस ते कुठं गेले होते?"

"कणकुंबीला. लेकीकडं. रागानं."

"कसला राग?"

"मराठी बोर्डाची वायर तुटली. लोक म्हणालं, मष्णूनं कापली. म्या बघितलं की, उंदरानं खाल्ली. ह्या इथनं गेला उंदीर. पण उंदीर कुठल्याच पार्टीचा न्हाय, त्याचं नाव कोण घेणार? मष्णूला लई लागलं. खोलीला कुलूप घातलं आणि गेला. शिडी खोलीत, किल्ली कमरंला."

"मग व्हॉल्व्ह कुणी फिरवला?"

"कुणीच न्हाय. तीन दिस चेअरमनच्या उसाला उघडा."

"आणि बोर्ड?"

"शिडीच न्हाय तर जोडणार कोण? तीन दिस मेल्यागत काळा. मष्णू आला, शिडी लावली, जोडला. लागली दोघं परत भांडायला."

"कोण दोघं?"

जयाबाईनं हातातल्या फडक्यानं बोर्डांकडं खूण केली. "ती काय. एक म्हणतंय तीनशे जास्त, एक म्हणतंय कमी. दिसभर बघती मी. ह्या तीन दिसात कानडी एकटाच होता, गुमान चालला. भांडाय कोण नव्हतंच."

ब्राह्मीनं कप खाली ठेवला. चहा अर्धा तसाच होता.

त्या तीन दिवसांत गावातून दोन गोष्टी गायब होत्या. मष्णू आणि मराठी बोर्ड. गावानं त्यातली चालती-बोलती धरली होती.

५

पावणेपाच वाजले होते. ब्राह्मी हौदाच्या कट्ट्यावर लॅपटॉप उघडून बसली. चार हातांवर मष्णू, पाठ करून.

तीनशे. पाईपातून सेकंदाला तीस लिटर येतं. बोर्ड दहा सेकंदांनी विचारतात. तीस दाहे तीनशे. जे जात होतं ती टाकी नव्हती, ती एक फेरी होती. साधारण दहा फेऱ्यांतली एक, आख्खी.

तिनं ड्रायव्हर उघडला. दोन वर्षांनी आपलं लिखाण बघताना होतं तसं तिला थोडं कौतुक वाटलं. मीटरचा स्वभाव असा होता, की विचारलं की साठलेला आकडा सांगायचा आणि स्वतः शून्यावर जायचं. म्हणून ड्रायव्हर आधी जुनी बेरीज वाचायचा, मग मीटरला विचारायचा, मग दोन्ही मिळवून नवी बेरीज लिहायचा. तीन पायऱ्या. मीटर सावकाश उत्तर द्यायचं, त्यामुळं मधली पायरी लांबलचक. इतकी लांब, की तेवढ्यात दुसरा कुणीही येऊन जुनी बेरीज वाचून जाईल.

आणि त्या तीन पायऱ्यांच्या वर, प्रोग्राम वाचणाऱ्या माणसासाठी, एक ओळ लिहून ठेवलेली होती.

"इथं विचारणारा एकच असणार. कुलूप लावायची गरज नाही."

खाली तारीख. तारखेखाली, ब्राह्मी.

तिनं ती ओळ तीनदा वाचली. शेजारच्या पेरूवर एक पोपट बसून पेरू खात होता. त्याच्यावर कुणाचाही संशय नव्हता.

फोन वाजला. नागेंद्र सर.

"झाली का सही?"

"सर, डबा चुकतोय."

"ब्राह्मी, असे तीस डबे बाहेर आहेत. एका पाटकऱ्यासाठी तू कंपनी बुडवणार? सही कर आणि सहाची गाडी पकड."

"चोर सापडलाय, सर."

"मग झालंच की! कोण?"

तिनं फोन बंद केला. मग मष्णूच्या पाठीकडं बघून विचारलं, "मामा, चोर डब्यात आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं नव्हतं," पाठ म्हणाली. "राग आलता."

६

सभेला दोनशे माणूस होतं. दोनशेतल्या एकानंही तिला वाट दिली नाही. ती बाजूबाजूनं पुढं गेली.

चेअरमननी कागद पुढं केला. "करा सही."

"त्याआधी मला शाळेतला फळा पाहिजे. एक पत्र्याचा डबा आणि पायलीभर शेंगा."

"सही शेंगांनी करणार हाय व्हय?" मागून कुणीतरी ओरडलं.

पण शेंगा आल्या. फुकटच्या तमाशाला हुणसवाडी नाही म्हणत नाही.

"हा पत्र्याचा डबा म्हणजे मीटर," ब्राह्मी म्हणाली. "शेंगा म्हणजे पाणी. फळ्यावर आतापर्यंतची बेरीज. मष्णूमामा, तुम्ही नदी."

मष्णू जागचा हलला नाही.

"नदी व्हायला सांगतीया ती," जयाबाई ओरडली. "ऊठ की रं!"

तो उठला.

"आण्णाप्पा मराठी बोर्ड, अभिनंदन कानडी बोर्ड. काम तीनच. फळा वाचा आणि आकडा डोक्यात ठेवा. डबा रिकामा करून शेंगा मोजा. दोन्ही मिळवा, फळा पुसा, नवा आकडा लिहा. बोलायचं नाही, दुसऱ्याकडं बघायचं नाही. ड्रायव्हर बघत नाही."

फळ्यावर शंभर होते. मष्णूनं तीस शेंगा टाकल्या. आण्णाप्पानं वाचलं, मोजलं, पुसलं, एकशेतीस लिहिलं. मष्णूनं परत तीस टाकल्या. अभिनंदन गेला, त्यानं एकशेसाठ केले.

"हे ठरावाच्या आधीचं," ब्राह्मी म्हणाली. "एक आधी, एक मागं. पाणी गेलं का?"

"न्हाय!" सभा म्हणाली.

"आता ठरावाप्रमाणं. दोघं एकदम."

मष्णूनं तीस टाकल्या. दोघांनी फळा वाचला: एकशेसाठ. दोघे डब्यावर एकदमच पडले. आण्णाप्पाचं मनगट जाड होतं, शेंगा त्याला मिळाल्या. अभिनंदनच्या हाताला रिकामा पत्रा लागला. आण्णाप्पानं मोजून फळा पुसला आणि एकशेनव्वद लिहिलं. मग अभिनंदन पुढं आला. डोक्यात एकशेसाठ, हातात शून्य. त्यानं एकशेनव्वद पुसले, जरा जास्तच मन लावून, आणि लिहिलं एकशेसाठ.

"माजा आकडा का पुसलास रं?" आण्णाप्पा किंचाळला.

"बाईनं सांगितलं तेच केलं की!"

"मग माज्या तीस शेंगा गेल्या कुठं?"

"तुमच्या मुठीत आहेत," ब्राह्मी म्हणाली. "फक्त फळ्यावर नाहीत."

आण्णाप्पानं मूठ उघडून बघितली. शेंगा होत्या. ब्राह्मीनं फळ्याकडं बोट केलं.

"दोघांचा धक्का लागला की एकाचं लिहिलेलं दुसरा पुसतो. ज्याला पाणी मिळालं त्याच्या बोर्डावर तीनशे जास्त दिसतात, दुसऱ्याच्या बोर्डावर जुनाच आकडा, आणि बेरजेत राहतो तोही जुनाच. म्हणून तुमच्या फोटोंत कधी हा पुढं, कधी तो. दरवेळी धक्का लागत नाही, दहातून एकदा लागतो. मराठी बोर्डाची वायर उंदरानं खाल्ली ते तीन दिवस विचारणारा एकच होता. धक्का लागायला दुसरा नव्हता. मष्णूमामा गेले म्हणून पाणी पुरं आलं नाही. ते शिडी कुलपात ठेवून गेले म्हणून आलं."

"मंग एकोणतीस लाख लिटर?" चेअरमननी विचारलं.

"चोरीला गेलंच नाही. हौदात पडलं, पाटानं गेलं. तुम्हीच वापरलं."

मागच्या रांगेत एक म्हातारा शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "तरीच ऊस बरा वाटतोय."

"आता काय करायचं?"

"ड्रायव्हरला कुलूप लावायचं. एक आत असला की दुसऱ्यानं दारात थांबायचं. पहिल्याचं लिहून झालं की मगच आत."

"आधी कोण जाणार?" दोनशे माणसांनी एकदम विचारलं.

"जो आधी येईल तो."

हे कुणालाच आवडलं नाही. दोन्ही बाजूंना सारखंच आवडलं नाही, म्हणून ते टिकण्यासारखं होतं.

चेअरमननी वही उघडली. त्यांचा चेहरा कडू झाला होता. ठरावानं काहीतरी होतं, हे त्यांना पंधरा वर्षांत पहिल्यांदा कळलं होतं. "वहीत चोराची जागा मोकळी सोडलीय. मष्णूचं नाव येत न्हाय, तर कुणाचं लिवायचं? उंदराचं?"

"त्या ड्रायव्हरमधे लिहिलं होतं, इथं विचारणारा एकच असणार, कुलूप नको," ब्राह्मी म्हणाली. "ते मी लिहिलं होतं. माझं नाव लिहा."

मग जो गोंधळ उठला तो मष्णूच्या वेळीही उठला नव्हता. चाळीस दिवस! तीन किलोमीटरचा चर! कुणी तिच्या कंपनीचा उद्धार केला, कुणी तिच्या शाळेचा. कवळीच्या दोन दावेदारांपैकी एकानं, तोंडात दात नसल्यामुळं कळलं नाही असं, काहीतरी फार वाईट म्हटलं. ब्राह्मीच्या हातात फोन थरथरत होता, नागेंद्र सर, नववा कॉल. तिनं तो उचलला नाही आणि कंपनीच्या कागदावर 'डबा चुकला' असं लिहून खाली सही केली.

तोवर वहीवर नवं भांडण लागलं होतं. आण्णाप्पानं पेन उचललं, नाव मराठीत लिहायला. अभिनंदननं दुसरं उचललं, कानडीत लिहायला. दोघांचे हात एकाच ओळीवर आले. दोघांनी एकदमच टोक टेकवलं.

खाडकन आवाज झाला. वहीवर चार फुटी लोखंडी दांडा आडवा पडला होता.

"एकानं आधी वाचा," मष्णू म्हणाला. "मग लिवा. मग वही मिटा. मग दुसऱ्यानं उघडून, वाचून, खालच्या वळीला लिवा."

दोघांनी हात मागं घेतले. चेअरमनही अर्धा पाऊल मागं सरले. आण्णाप्पानं वाचलं, लिहिलं, वही मिटली. मग अभिनंदननं उघडली. चोराचं नाव दोन ओळींत दोन लिप्यांत नीट लिहिलं गेलं, आणि कुणाचंच पुसलं नाही.

चावी काढून घ्यायचा विषय कुणी काढला नाही. माफी मागायचाही काढला नाही. मष्णूनं दांडा खांद्यावर टाकला आणि हौदाकडं निघाला. ब्राह्मीच्या जवळून जाताना तो थांबला, पण तिच्याकडं बघितलं नाही.

"फावडं जयाबाईकडं मिळंल," तो म्हणाला. "चर नदीकडनं बुजवत ये."